नंदाबाईची कोरडी ओढणी

दोन पांढऱ्या गोळ्यांनी नंदाबाईला काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवतो. लेकीच्या लग्नात शिंक येणार नव्हती. शिंक नाही म्हणजे रडण्याचा सूर मोडणार नव्हता. आणि सूर मोडला नाही, तर नणंदेला बोलायला जागा उरणार नव्हती. गोळ्या दोन आणि फायदे तीन. सौदा वाईट नव्हता, मित्रांनो. मला तोंड असतं तर मीही गिळल्या असत्या.

पण मला तोंड नाही. मी एक जुना आभला आहे. ओढणीवर दोऱ्यानं टाचतात ना, तो चवलीएवढा काचेचा आरसा. आता माझ्या पाठीची कल्हई उडाली आहे. अर्ध्या भागात माणसाचं तोंड दिसतं आणि अर्ध्यात मागचं कापड.

कुठल्याशा भट्टीत कुणी तरी फुंकून काचेचा मोठा गोळा केला, त्याला आतून कल्हई लावली आणि मग तो फोडला. आमचा जन्म असा फुटण्यातून होतो. यवतमाळच्या बाजारात खैरुनबी नावाची बाई गोणपाटावर बसून ते तुकडे कात्रीनं गोल कापायची. गिऱ्हाइकाला सांगायची, "देख लो बाई, पूरा चांद आहे." मी काही पूर्ण चांद नव्हतो. एका बाजूनं जरा चपटाच होतो. पण खैरुनबीनं अंगठ्याखाली ती बाजू झाकली आणि नंदाबाईनं मला घेतलं. ते साल छप्पन्न.

नंदाबाई लोहाऱ्याच्या बाजूच्या तांड्यातली. तिचा नवरा सेवादास, नणंद हंसाबाई, आणि एकुलती एक लेक जमनी. तिनं मला ओढणीच्या टोकाला टाचलं, गाठीच्या अगदी शेजारी. बाईच्या पदराचं टोक म्हणजे काय जागा असते, ते तुम्हाला सांगतो. गाठीत तिची तिजोरी असते आणि त्याच टोकानं ती डोळे पुसते. त्यामुळं घरातलं गुपित आणि डोळ्यातलं पाणी, दोन्ही मला सगळ्यांत आधी कळायचं.

त्या तांड्यात नंदाबाईला मोठा मान होता, आणि तो रडण्यासाठी. हसू नका. बंजाऱ्यांच्या लग्नात नवरी माहेर सोडताना ढावलो म्हणते. आईच्या, काकीच्या, मैत्रिणीच्या गळ्यात पडून सुरात रडायचं, आणि त्या रडण्यात आपलं सगळं सांगायचं. समोरचीनंही तसंच रडून उत्तर द्यायचं. हे आपोआप येत नाही, शिकावं लागतं. लग्न ठरलेल्या पोरी महिनाभर आधी नंदाबाईकडं येऊन बसायच्या. श्वास कुठं तोडायचा, आवाज कुठं चढवायचा, हे ती शिकवायची. पाणी मात्र शिकवावं लागत नसे. ती स्वतः सुरू झाली की पोरींच्या आधी तिचेच डोळे भरायचे आणि मी ओला व्हायचो. "नंदाबाई रडली का वरातीचे बैल बी खाली मुंडी घालते," असं तांड्याचा नायक म्हणायचा. मला त्या ओलेपणाचा फार अभिमान होता.

हिवाळ्यात तांड्यातल्या बायका यवतमाळला जिनिंगमध्ये कामाला जायच्या. सरकीतून रुई सुटायची आणि तिचे बारीक तंतू हवेत उडायचे. बाकीच्या बायका खोकायच्या, नंदाबाई शिंकायची. एक नाही, ओळीनं बारा. सरदार नावाचा मुकादम गमत्या माणूस. तो म्हणायचा, "नंदाबाई, तू शिंकली का माह्या रुईचा ढीग उडते. भोंगा वाजवाचं कामच नाही आता." बायका हसायच्या. पण हसून झालं की तो तिला आतून उठवून बाहेर उन्हात सरकी भरायला बसवायचा.

म्हणून ती एका डॉक्टरकडं गेली. डॉक्टरांनी आठ दिवसांच्या गोळ्या दिल्या. शिंक थांबली. नवव्या दिवशी परत आली. नंदाबाई मग डॉक्टरकडं गेलीच नाही, थेट त्यांचा कंपाऊंडर रामधन याच्याकडं गेली. "तेच दे, भाऊ." रामधननं दिल्या. माणूस लबाड नव्हता. बाई तोंड भरून आशीर्वाद देत होती, आणि फुकटचा आशीर्वाद कुणाला नको असतो? आठ दिवसांची गोळी पाच हिवाळे चालली. उन्हाळ्यातही धुळीनं शिंक आली की गाठ सुटायची. सुपारी आणि किल्ली यांच्याबरोबर त्या गोळ्या माझ्या शेजारणी झाल्या.

आधी तिचं तोंड सुकू लागलं. मग डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपू लागलं. गंमत अशी की सुरुवातीला डोळे उगाच वाहायचे. सगळे म्हणाले, पाणी जास्त झालं. हंसाबाईनं तुरटीचं पाणी घालायला सांगितलं, ते घातलं. मी जवळून पाहत होतो. ते पाणी रडण्याचं नव्हतं, चिडलेल्या डोळ्याचं होतं, आणि तुरटीनं डोळा आणखी चिडत होता. त्यात जिनिंगचे तंतू, घरी चुलीचा धूर, चैत्रातला कोरडा वारा. शिवाय जमनीच्या लग्नाची ओढणी भरायची होती. सुईवर नजर लावून ती घटका घटका पापणी हलवायची नाही. सगळ्यांना दोष देऊन झाला. गोळीला कुणीच दिला नाही. गोळी नाकाची आणि दुखणं डोळ्याचं, दोघांची ओळख तरी कशाला असेल?

एकोणसाठच्या वैशाखात जमनीचं लग्न ठरलं, दिग्रसच्या पलीकडच्या तांड्यात. जमनीला एवढ्या लांब जायचं नव्हतं.

"इतक्या दूर कायले देतं, याडी?" ती आईला म्हणाली. "मले तू दिसशीन तरी का?"

"घर चांगलं हाये. होळीले येत जाजो."

"अन् नाही येऊ देलं त?"

"त मी येईन. आता वांगे चीर."

बोलणं तिथंच संपलं. जमनीला वाटलं, आईनं टाळलं. नंदाबाईनं खरोखर टाळलंच होतं. ढावलोच्या वेळी सगळं बोलता येईल, असं तिच्या मनात होतं. त्यांच्यात आईचं काळीज दाखवायची ती एक ठरलेली वेळ असते.

लग्नाच्या दिवशी हळद उडत होती, बैलांच्या पायांनी धूळ उठत होती. सकाळीच दोन शिंका आल्या. नंदाबाईनं गाठ सोडली. एरवी एक घ्यायची, त्या दिवशी दोन घेतल्या. लेकीच्या गळ्यात पडून शिंकायला नको, एवढाच विचार.

मग जमनी आईच्या गळ्यात पडली. ती रडली, ते सगळं माझ्या अंगावर आलं. मी मोजत होतो. नंदाबाईचा सूर लागला, शब्द बरोबर पडले, आवाज चढला. डोळे लाल झाले, पण थेंब आला नाही. तिनं पापण्या आवळल्या, पदराचं टोक डोळ्यांवर दाबलं. मी कोरडाच परत आलो.

वरपक्षाच्या बायका बघत होत्या. हंसाबाई सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू बोलली, "वहिनी, दुसऱ्याच्या पोरीइले धारा लावल्या. आपल्या पोरीच्या वक्तीच विहीर आटली काय?"

जमनीनं हात सोडवले आणि आईच्या तोंडाकडं पाहिलं. मग ती म्हणाली, "बरं झालं, याडी. तुले जड नाही गेलं."

ती होळीला आली नाही. दुसऱ्या होळीलाही नाही. सेवादास दोनदा आणायला गेला, तर "घरी काम आहे" म्हणून तिनंच परत पाठवलं. इकडं तांड्यातल्या पोरी नंदाबाईकडं शिकायला यायच्या बंद झाल्या. कोरड्या डोळ्याच्या बाईकडून कोण रडणं शिकणार? तिनं ती ओढणी घडी करून पेटीत ठेवली. तीन वर्षं मी अंधारात पडून होतो, आणि माझी कल्हई तिथंच उडू लागली.

बासष्ट साली यवतमाळच्या एका शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. साहेबापुढं जायचं म्हणून ठेवणीतली ओढणी निघाली, आणि टोकाची गाठ पुन्हा भरली. डॉक्टरांनी टीपकागदाची बारीक पट्टी तिच्या खालच्या पापणीत अडकवली आणि थांबायला सांगितलं. बऱ्याच वेळानं पट्टी काढली. नुसतं टोक ओलं होतं.

"काही औषधं चालू आहेत, बाई?"

"काईच नाही, साहेब."

काचेला ओरडता येत नाही, मित्रांनो. नाही तर त्या दिवशी मी शाळा डोक्यावर घेतली असती. पण शिंक माझ्या मदतीला आली. तिला शिंका सुरू झाल्या. सवयीनं तिनं गाठ सोडली आणि गोळी तोंडाकडं नेली.

"हे काय आहे?" डॉक्टरांनी हात धरला.

"हे औषध नाही, साहेब. हे शिंकेची गोळी हाये."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी गोळी उलटून पाहिली आणि सावकाश समजावलं. "ही गोळी नाक सुकवते, तोंड सुकवते, तसं काही जणांचे डोळेही सुकवते. सगळ्यांचे नाही. तुमचे आधीच धुरानं, कापसानं चिडलेले. वर तुरटी घातलीत."

"साहेब, एका रोजी दोन खाल्ल्या त?"

"तर जास्तच सुकणार."

नंदाबाईनं गाठीतल्या उरलेल्या गोळ्या साहेबापुढं ठेवल्या. मग म्हणाली, "असं लिहून देता का?"

डॉक्टरांना कळेना, पण त्यांनी लिहून दिलं. डोळ्यांत पाणी कमी आहे, शिंकेच्या गोळीनं ते आणखी कमी झालं आहे, आणि खाली सही. गोळ्या गेल्या आणि त्यांच्या जागी माझ्या शेजारी ती चिठ्ठी आली. नंदाबाईनं जिनिंगचं काम सोडलं, चूल दाराशी आणली, तुरटी फेकली. डॉक्टरांनी दिलेले थेंब ती घालत राहिली. चार महिन्यांनी एका सकाळी, नुसती भाकर थापताना, तिला रडू आलं आणि डोळे भरले. तिनं पुसलेही नाहीत. दुसऱ्याच दिवशी तिनं दिग्रसची एस.टी. धरली.

जमनी अंगणात शेणी थापत होती. नंदाबाई रडतच पुढं झाली, ठरलेल्या रीतीनं, आणि लेकीच्या गळ्यात पडली. जमनीचे हात शेणाचे होते, ते तिनं लांब धरले.

"आता काहून रडून राह्यली, याडी?"

नंदाबाईनं घाईघाईनं गाठ सोडली. "हे पाय. साहेबाची सही हाये. गोळीनं झालतं माय, मी नाही केलं."

जमनीनं हात पुसून चिठ्ठी घेतली. तिला वाचता येत नव्हतं, नंदाबाईलाही नाही. तरी तिनं ती वरपासून खालपर्यंत पाहिली. चिठ्ठी धरली तेव्हा तिचं डावं मनगट मला दिसलं. हाड मोडून वाकडंच जुळलेलं होतं.

"हे कधी झालं?" नंदाबाईनं विचारलं.

"दुसऱ्या वर्षी. त्याइनं मारलं तवा."

"अन् तू घरी नाही आली?"

"कोणाकडं येऊ?" जमनी सहज म्हणाली. "मले वाटलं, तिथं कोणाले जडच नाही गेलं."

चिठ्ठीची घडी करून तिनं परत दिली आणि आईसाठी पाणी आणायला आत गेली. परत जाताना नंदाबाईनं माझ्यासकट ती ओढणी तिथंच ठेवली. पुढं ती फाटली, आणि आता मी जमनीच्या एका पिशवीवर आहे.

मित्रांनो, मी शहाणा नाही, पण हे सगळं जवळून पाहिलं आहे. डोळे खुपले तर तुरटी, लिंबू, कुणी सांगेल ते घालू नका. धुरापासून, वाऱ्यापासून त्यांना जपा, बारीक कामात पापणी हलवत राहा. गोळी जेवढ्या दिवसांची तेवढेच दिवस घ्या. आणि डॉक्टरांनी विचारलं तर नाकाची, पोटाची, झोपेची, घरात जी गोळी आहे ती सगळी सांगा. तिला औषध म्हणत नसाल तरी सांगा. आणि कुणाचे डोळे कोरडे दिसले म्हणून त्याच्या मनाचा निकाल देऊ नका.

आता कुणाला काय मिळालं ते सांगून संपवतो. सरदारला न शिंकणारी बाई मिळाली. रामधनला पाच हिवाळ्यांचे आशीर्वाद मिळाले. हंसाबाईला एक वाक्य मिळालं, ते तिनं चार वर्षं पुरवून वापरलं. नंदाबाईला सही असलेली चिठ्ठी मिळाली आणि तिचे डोळेही बरेचसे परत मिळाले. किंमत मात्र जमनीनं भरली. त्या गोळ्यांतली एकही तिनं कधी खाल्ली नव्हती.