बेसमेंटमधला रडणारा दगड

वेस्ट विंडसरमध्ये त्या जुलैत एक दगड रडू लागला, आणि दर रविवारी दुपारी सुवर्णाकाकूंच्या गॅरेजमध्ये चपलांचा ढीग पडू लागला.

काकूंच्या मागच्या अंगणात लाकडी डेकसाठी खणताना हातभर लांबीचा, गोल, गुळगुळीत दगड निघाला होता. काकूंनी त्याला कुंकू वाहिलं. मग जवळच्या पिस्कॅटवे गावचे शैलनाथ महाराज तो बघायला आले आणि म्हणाले, "हे स्वयंभू लिंग आहे. गोऱ्यांच्या आधी इथे आपलेच ऋषी राहत होते. गेलेल्यांचं दुःख या पाषाणात साठतं." महाराज पूर्वी एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करत. तिथे त्यांना कधी एकही चूक सापडली नाही, असं त्यांचे जुने सहकारी सांगत.

दगडाचा हा सोहळा काकूंच्या बेसमेंटमध्ये चाले. शरयू तिथे गेली ती बाबांना आणायला. तिची आई, संध्या, मार्चमध्ये गेली होती. आईचा चष्मा अजून फ्रीजवर होता. तो आईनेच तिथे ठेवला होता, आणि त्याला कुणी हात लावला नव्हता.

आत एसी बंद होता. यंत्राचा वारा देवाला सोसत नाही म्हणे. खिडक्या सताड उघड्या, कोपऱ्यात भल्या मोठ्या पातेल्यात तुळशीचं पाणी उकळत होतं, माणसं घामाने निथळत होती. दगड आता महाराजांच्याच पेटीत असे. त्यांनी तो रेशमी कापडातून काढून चौरंगावर ठेवला आणि लोकांनी दिलेल्या चिठ्ठ्यांवरची, गेलेल्यांची नावं वाचायला घेतली.

"तुम्ही रडू नका हो," ते म्हणाले. "तुमच्या वाटचं हा रडेल."

पहिल्या काही नावांना दगड नुसता धुरकटला. मग महाराज थांबले, डोळे मिटून म्हणाले, "संध्या राजीव खांबेटे." दगडावरून एक थेंब ओघळला आणि कुंकवाची लाल रेघ खाली उतरत गेली.

शरयू पुरातत्त्व शिकलेली. युरोपीय लोक येण्याआधी इथे राहणाऱ्या लेनापे या मूळ रहिवाशांच्या वस्त्यांवर ती एका म्युझियममध्ये तेरा वर्षं काम करत होती. तो दगड काय आहे हे तिला पहिल्या नजरेतच कळलं होतं. तरीही तो थेंब ओघळला तेव्हा तिच्या तोंडून "आई" निघालं.

गाडीत बाबा म्हणाले, "पुढच्या रविवारी मी संकल्प सोडणार आहे. गोळ्या बंद."

"कुठल्या गोळ्या?"

"सगळ्या. महाराज म्हणाले, गोळ्या म्हणजे मधला पडदा. रडताना दिसतेच आहे ती. पडदा गेला की बोलेलसुद्धा."

"तुमच्या हृदयात दोन स्टेंट आहेत, बाबा!"

"असू देत. चार महिने झाले गं, घरात मला कुणी नावाने हाक मारलेली नाही."



सोमवारी कामावर तिने फ्रीझरमधून एक जुनी टोपली काढली. कीड मरावी म्हणून अशा वस्तू गोठवतात, आणि बाहेर काढल्यावर खोलीइतक्या गरम होईपर्यंत पिशवी उघडायची नाही, असा नियम असतो. ती पिशवी टेबलावर ठेवली आणि थोड्याच वेळात पिशवीला बाहेरून घाम फुटला. शरयू बराच वेळ त्या थेंबांकडे बघत राहिली.

पुढच्या रविवारी बाबांनी गोळ्यांचा डबा चौरंगापाशी ठेवला. महाराजांनी पेटी उघडली, तशी शरयू पुढे झाली.

"महाराज, एक विनंती. अशा वस्तूला हाताचं तेल लागू नये म्हणून आम्ही ती पिशवीत ठेवतो."

"पाषाणाला प्लास्टिक? शिव शिव!"

"पिशवी पारदर्शक आहे. अश्रू आतूनच येणार ना? मग दिसतील की."

"घालू द्या ना, महाराज," सुवर्णाकाकू म्हणाल्या. "ती त्यातली एक्सपर्ट आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. महाराजांना नाही म्हणता येईना. तिने दगड पिशवीत सरकवला, हवा दाबून काढली, तोंड बंद केलं. गारठ्याने तिची बोटं बधिर झाली.

नावं सुरू झाली. आईचं नाव आलं तेव्हा पिशवी थेंबांनी भरली होती.

"रडला! रडला!"

शरयूने पंच्याने पिशवी बाहेरून पुसली. "बाबा, इथे बघा."

आत दगड कोरडा होता. कुंकू जिथल्या तिथे.

"दगड रडत नाही, पिशवी रडते आहे. गार वस्तूवर दमट हवेतलं पाणी जमतं. हे पाणी त्या पातेल्यातलं आहे, आपल्या सगळ्यांच्या श्वासातलं आहे." तिने पेटीतलं उरलेलं रेशमी कापड उचललं. खाली बर्फाचे निळे पॅक ओळीने मांडलेले.

"अरे यार," गर्दीतला नागपूरचा अक्षत ओरडला, "हे तर माझ्या लंचबॉक्समध्ये असतात!"

"शीतलता पाषाणाला प्रिय असते," महाराज म्हणाले.

"कोकच्या कॅनलाही, महाराज. नावं वाचायला जरा वेळ लागतो, तेवढ्यात थेंब ओघळण्याइतके मोठे होतात. ताज्या दुःखाची चिठ्ठी तुम्ही तोवर मागे ठेवता."

बाबा हळूच म्हणाले, "म्हणजे ती नव्हतीच."

"नव्हती, बाबा."

तिने दगड पिशवीतून काढून त्यांच्या हातात दिला. "हे मक्याचे दाणे कुटायचं दगडी मुसळ आहे. इथे अंगठा फिरवा. हा भाग घासून असा झालाय. युरोपीय यायच्या कितीतरी आधी कुणीतरी रोज इथेच धरायचं. बाईने की पुरुषाने, ते यावरून कळत नाही, आणि जे कळत नाही ते मी सांगणार नाही. पण ती माणसं ऋषी नव्हती, आपली नव्हती. लेनापे होती. त्यांचे वंशज आजही आहेत. काकू, याचं पुढे काय करायचं ते त्यांना विचारू."

मग ती सगळ्यांकडे वळली. "गेलेल्या माणसासाठी जीव तुटतो, त्यात लाज कसली? माझाही तुटतो. पण त्या दुःखाचा हात धरून कुणी तुम्हाला औषध सोडायला सांगितलं, तर आधी डोळे पुसा आणि त्याची पेटी उघडून बघा."

बाबांनी डबा उचलला.

घरी आल्यावर त्यांनी फ्रीजवरचा चष्मा पहिल्यांदा खाली घेतला आणि खिडकीपाशी धरला. डाव्या काचेवर अंगठ्याचा ठसा होता.

"हा तिचा," ते म्हणाले. "हा खरा आहे ना?"

"हा खरा आहे."

"मग पुसू नकोस," ते म्हणाले, आणि त्यांनी रविवारची गोळी पाण्याबरोबर गिळली.