जुळ्या होडीला मोटर

डावी नाव

खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून जगन्नाथला वल्हं ओढवत नव्हतं. त्याची होडी म्हणजे दोन निमुळत्या नावा, मध्ये ताणलेली जाळी, वर एक शीड. वारा असला तर राणी, नसला तर ओंडका. त्या उन्हाळ्यात दोनदा वारा पडला आणि दोनदा लोकांनी दोर टाकून त्याला काठाला आणलं. दुसऱ्या खेपेला तोच बायकोला, मालिनीला म्हणाला, "पुन्हा कुणी ओढून आणलं, तर विकून टाकू."

ऑक्टोबर उजाडला. ईडन प्रेरी या त्यांच्या गावातली तळी गोठायला दीड-दोन महिनेच उरले. त्याने मागच्या दांड्यावर फळी आवळली, फळीवर विजेची छोटी मोटर बसवली. बॅटरी मागे ठेवली की होडी शेपूट बुडवून बसे, पुढे ठेवली की वायर पुरेना. ऑफिसातून यायचं, गराजमध्ये वाकायचं. खांदा ठणकायचा. मोटरची हौस कुणाला होती? होडी राहावी, एवढंच.

उजवी नाव

खंडेनवमीला मालिनीने सुरी, कात्री, लॅपटॉप देवापुढे मांडले. मग गराजमध्ये येऊन मोटरला हळदकुंकू लावलं, तिच्या दांडीला बागेतल्या झेंडूची माळ बांधली.

"आज चालवायची नाही हं."

"उद्या मग. येशील?"

"सीमोल्लंघन म्हणून येते. थंडी वाजली तर तुमचा कोट काढून घेईन."

मध्ये जाळी

दसऱ्याला शिडावर मजेत निघाले. तळ्याच्या मध्यावर वारा पडला.

जगन्नाथने मोटर पाण्यात सोडली. पूजेची माळ तोडायला हात धजला नव्हता. ती तशीच दांडीवर. बटण दाबलं. घर्र... घर्र... आणि गप्प. पंख्याभोवती केशरी चोथा.

"दोरा तुटायला हवा होता," तो म्हणाला.

"दोरा संपला होता. तुमच्या गळाच्या पेटीतली तंगूस घेतली."

"सुरी आण."

"देवापुढे आहे."

तो जाळीवर आडवाच झाला.

शेजारचा प्रसन्न मासे धरून परतत होता. "काका, दोर टाकू का?"

जगन्नाथने तोंड उघडलं. हो म्हणून मोकळं व्हावं, इतका तो दमला होता.

"कशाला रे?" मालिनी आधी म्हणाली. "मजेत बसलोय."

"काकू, वारा नाहीये यार!"

"येईल. घाई आहे का आम्हाला?"

प्रसन्न गेला. मालिनीने वल्हं उचललं, उजव्या नावेवर बसून मारू लागली. होडी जागच्या जागी गिरकी घेऊ लागली.

"चांगला हात कुठला तुमचा?"

"डावा."

"मग तिकडे बसा की."

तो सरकला. दुसरं वल्हं एका हाताने पाण्यात घातलं. होडी सरळ झाली, पुढे मात्र फारशी जाईना.

"संध्याकाळी उत्तरपूजा झाली की सुरी देते," ती धापा टाकत म्हणाली. "तंगूस सोडवा."

"आज हात उचलवणार नाही."

"मग उद्या."

काठ अजून लांबच होता.