आठवा मासा

काकूंनी तिसऱ्यांदा मोजलं आणि तिसऱ्यांदाही आठच भरले.

काचेवर बोट टेकवून त्यांनी एकेक मासा बोटाखालून जाऊ दिला. पाच नारंगी, दोन पांढऱ्या पाठीचे, आणि कोपऱ्यात शेवाळ्याआड लपलेला एक. आठ. असायला हवे होते सात. काल दुपारी त्यातले सहाच उरले होते, म्हणून संध्याकाळी काकूंनी पदराआड डबा धरून एक आणला आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून पाण्यात सोडला. सहा आणि एक सात. शाळा तिसरीतच सुटली असली तरी चाळीस वर्षं खानावळीतली ताटं त्यांनी तोंडानेच मोजली होती आणि एकाही ताटाची चूक कधी झाली नव्हती.

टाकीच्या तळाशी दगडावर बशीएवढं कासव मान आत ओढून बसलं होतं. जणू त्या गावचंच नाही.

"आई, झाले का मोजून?" धाकटी सून दारात येऊन उभी राहिली. हातात धुतलेल्या वाट्यांची चळत.

"झाले. सातच्या सात."

धाकटीची नजर टाकीवर जरा जास्तच वेळ रेंगाळली. मग "बरं," एवढंच म्हणून ती जिना उतरून खाली गेली. खाली खानावळ, वर घर. अकरा वाजता पहिली माणसं जेवायला यायची.

टाकी धाकटीची. लग्न होऊन आली तेव्हा दोन बॅगा आणि ही काचेची टाकी एवढंच तिनं माहेरून आणलं होतं. सात मासे रिक्षात मांडीवर घेऊन आली होती. तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "लोकांच्या सुना भांडीकुंडी आणतात, आमची पाणी घेऊन आली." सगळे हसले, धाकटीही हसली. काकूंच्या जिभेला हाड नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्यांच्या दारातून कोणी उपाशी परत जात नाही, हेही ठाऊक होतं. एकाच्या बदल्यात लोक दुसरं चालवून घेत.

कासव मात्र काकूंचं. खानावळीत सहा वर्षं जेवलेल्या एका कारकुनाची बदली झाली. जाताना तो ते प्लास्टिकच्या टबात घेऊन आला. "काकू, तुमच्या हातचं खाऊन मी वाढलो, हेही वाढेल," म्हणाला. काकूंच्या मनाला ते फार भिडलं. टब त्यांनी घासून पापड ठेवायला घेतला आणि कासव सोडलं धाकटीच्या टाकीत.

"आई, कासव आणि मासे एकत्र नको," धाकटी म्हणाली होती. "ते खातं त्यांना."

"भुकेलं असलं तर खाईल. माझ्या घरात कोण भुकेलं राहिलंय? पोट भरलं की कोणी कोणाला खात नाही. दोनशे माणसं जेवू घालते मी रोज, मला शिकवू नकोस."

पंधरा दिवसांनी एक मासा नाहीसा झाला. भर दुपारी, सगळी बाकं भरलेली असताना, काकू जिन्यातूनच ओरडल्या, "पाणी बदलताना मोरीत ओतलास ना गं? सात मासे जपता येत नाहीत, आणि म्हणे पोर जपणार!"

जेवणाऱ्यांचे हात थांबले. धाकटी तेव्हा भात वाढत होती. तिनं उलथणं परातीत ठेवलं, मोकळा हात क्षणभर पोटाशी नेला, मग पुन्हा उलथणं उचललं आणि पुढच्या ताटात भात वाढला. आदल्या उन्हाळ्यात तिला दिवस गेले होते. तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं.

काकूंना बोलल्या क्षणीच कळलं होतं. पण तोंडातून गेलेला शब्द म्हणजे सांडलेलं तेल, कितीही पुसा, डाग राहतोच. शिवाय मासा धाकटीनंच घालवला, अशी त्यांची खात्री होती. खात्री होती तोवर निदान मान ताठ ठेवता येत होती.

ती खात्रीही चार दिवसांत गेली. काकू कासवाला भरवत बसल्या होत्या. त्यानं खाल्लं, आणखी खाल्लं, मग तोंड फिरवलं. उरलेले दाणे पाण्यावर तरंगत राहिले. तेवढ्यात एक मासा त्याच्या तोंडासमोरून गेला. कासवानं मान बाहेर फेकली, शेपटीचा लचका तोडला आणि थुंकून टाकला. खाल्लाही नाही. पुन्हा मान आत घेऊन ते गप्प बसलं. काकू किती तरी वेळ त्या तरंगत्या शेपटीकडे बघत राहिल्या होत्या.

कासव बाहेर काढलं असतं तर का काढलं ते सांगावं लागलं असतं. म्हणून त्या मासे आणू लागल्या. पाच आठवड्यांत चार आणले. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात रोज सकाळी मोजायच्या, "सातच्या सात!"

मग हा आठवा आला कुठून?

त्या दिवशी जेवणाची गर्दी सुरू व्हायच्या आत काकू माशांच्या दुकानात गेल्या. हातात खानावळीचाच स्टीलचा डबा. घरोघर जाणारे डबे इतरांच्या डब्यांत मिसळू नयेत म्हणून त्यांच्या प्रत्येक झाकणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका असे.

दुकानदार हसला. "आज परत? काकू, तुमच्याकडे मासे राहतात की पाहुणे येतात?"

"तू मला मोठा मासा तर दिला नाहीस ना? पिल्लं घालणारा?"

"एका रात्रीत एवढा मासा होत नाही काकू. तुम्ही काल संध्याकाळी एक नेलात, आणि तुमच्या तासभर आधी त्या ताई एक घेऊन गेल्या."

"कोण ताई?"

"तुमच्याच घरातल्या असतील. झाकणावर हाच ठिपका. मला वाटलं तुम्हीच पाठवता आळीपाळीनं." त्यानं जाळी पाण्यात बुडवली. "मी त्यांना म्हटलं, अहो कासव वेगळं ठेवा, फुकट जीव जातायत. तर म्हणाल्या, ते माझ्या हातात नाही. मासा जरा आधीच्यासारखाच दिसणारा द्या. सकाळी मोजायच्या आत टाकीत जायला हवा."

काकूंनी हातातला डबा काउंटरवर ठेवला. मग पुन्हा उचलला.

"देऊ का?" जाळीत एक नारंगी मासा तडफडत होता.

"सोड त्याला," काकू म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, फक्त ते एक वाक्य होतं. सकाळी मोजायच्या आत. काळजीपोटी आणत असती तर काकूंना सोसलं असतं. उलट जरा बरंच वाटलं असतं. पण ती आणत होती ती काकूंच्या तोंडाच्या भीतीनं. स्वतःचेच मासे, स्वतःच्याच टाकीत, चोरासारखे.

घरी आल्यावर त्यांनी कणकेची मोठी परात घेतली, तळाशी पाणी घातलं आणि टाकीत कोपरापर्यंत हात बुडवला. कासवानं बोट धरलं. काकूंनी हात झटकला नाही. ते तसंच बोटाला लोंबकळत वर आलं, परातीत पडलं तेव्हा त्यानं सोडलं. बोटातून रक्ताची धार आली, ती त्यांनी पदराला पुसली आणि परात उचलून जिना उतरल्या.

गर्दीची वेळ झाली होती. एकही बाक रिकामं नव्हतं. धाकटी भात वाढत होती, थोरली सून भाजी. काकूंनी परात मधल्या टेबलावर दोन ताटांच्या मध्ये ठेवली.

"काकू, आज हे शिजवलं नाही वाटतं?" कोपऱ्यातला एक जेवणारा म्हणाला. दोघंतिघं हसले.

"मासे यानं मारले," काकू म्हणाल्या. आवाज त्यांचा नेहमीचाच, भिंतीला आपटून येणारा. "हिनं नाही ओतले मोरीत. हिनं सांगितलं होतं मला, एकत्र नको म्हणून. मी ऐकलं नाही."

हसणं थांबलं. थोरली भाजीचा डाव हातात धरून बघतच राहिली. या घरात आल्यापासून सतरा वर्षांत सासूच्या तोंडून असं वाक्य तिनं ऐकलं नव्हतं.

"आणि त्या दिवशी मी जे दुसरं..." काकूंचं वाक्य तिथेच अडलं. "दुसरं जे बोलले..."

"ते इथं नको, आई." धाकटीनं मान वर केली नाही. "परात उचला. भात गरम आहे, सांडेल."

काकूंनी परात उचलली.

चार वाजता खालचं सगळं आवरलं. काकू वर टाकीसमोर स्टुलावर बसल्या होत्या. परात पायाशी. बोटाला चिंधी. आठ मासे संबंध टाकीभर फिरत होते, तळाच्या दगडापर्यंत. इतके दिवस ते वरच्या वरच राहायचे, हे काकूंना आज दिसलं.

धाकटी हात पुसत आली. बसली नाही, शेजारी उभी राहिली.

"आठ आहेत," ती म्हणाली. "सकाळीच बघितलं मी."

"हं."

धाकटीनं माशांच्या खाण्याची डबी उघडून पुढे धरली. काकूंनी सवयीनं मूठ भरली.

"चिमूटभरच, आई. तुमचा हात मोठा आहे."

काकूंनी मूठ उघडून दाणे डबीत परत सोडले. दोन बोटांत मावतील तेवढेच ठेवले. टाकले मात्र नाहीत. पाण्याकडेच बघत त्यांनी विचारलं,

"ते... या महिन्यात झालं असतं ना गं?"

धाकटीनं डबीचं झाकण लावलं. ते नीट बसलंय की नाही हे बोटानं दाबून पाहिलं.

"मागच्या," ती म्हणाली.

मासे वर येऊन तोंडं उघडत होते. काकूंची दोन बोटं पाण्यावर तशीच राहिली.