राखीनं ग्रुप सोडला

चैत्रातल्या एका सकाळी, नऊच्या सुमारास, आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून राखी बाहेर पडली. तिला चितेवर ठेवून तेव्हा साडेपाच महिने झाले होते.

कोणी ग्रुप सोडला की सूचना फक्त ॲडमिनला येते. ॲडमिन मी, ओमेश. म्हणजे गावचा बिनपगारी कोतवाल. मुकाट्यानं गिळलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. पण घाबरून मी त्या सूचनेचा फोटो ग्रुपवर टाकला. दुपारी सडक अर्जुनीच्या बाजारात अनोळखी लोक तोच फोटो मला दाखवत होते.

राखी ही मनिराम आणि शांतीबाईची एकुलती लेक. कार्तिकात धान कापताना तिला साप चावला. तेव्हापासून तिचा फोन बंद, आईच्या पेटीत पडलेला. शांतीबाईला लिहिता येत नाही. ती नवऱ्याच्या फोनवरून रोज राखीच्या नंबरावर बोलून पाठवायची: आज मोहफुलं किती वेचली, गाय कशी व्याली. आता तिनं सांगितलं की फाल्गुनापासून त्या बोलण्यापुढं ऐकल्याची निळी खूण उमटत होती. पलीकडं कोणीतरी तिचं रोज ऐकत होतं. मी देव मानत नाही, पण त्या दिवसापासून तलावाच्या पाळीवरून एकटा जायला मीही घाबरू लागलो.

दुर्गाप्रसाद महाराज अशा वेळी मागे राहतात थोडेच! सापाचं विष मंत्रानं उतरवायचा त्यांचा जुना धंदा; आता ते मोबाईलशास्त्रातही उतरले. त्यांचा आवाज ग्रुपवर आला: "देखो बच्चा, टावर म्हंजे लहर, आत्मा बी लहर. पोरगी टावरात अटकून राहिली. तिनं ग्रुप काऊन सोडला? तिले खानारी टोनही याच ग्रुपात बसली हाय!"

टोनही म्हणजे चेटकीण. तिचं नाव महाराजांनी घेतलं नाही, ते गावानं घेतलं. रामकली. शेजारची विधवा, तीस वर्षांपूर्वी छत्तीसगडातून लग्न होऊन आलेली, अजूनही 'तिकडची'च. बकरीवरून राखीशी तिचं एकदा भांडण झालं होतं, एवढा पुरावा पुरला. अमावास्येच्या आत तिनं गाव सोडावं, असं ठरू लागलं. रामकलीनं ग्रुपवर एकच ओळ लिहिली, 'मी कुठी जाऊ?' एकशे तेरा जणांनी ती वाचली, उत्तर कोणी दिलं नाही.

मी सुलोचनाबाईंकडं धावलो. अर्ध्या ग्रुपला त्यांनी शाळेत शिकवलेलं. म्हटलं, "बाई, ग्रुपच बंद करून टाकतो."

"मग हे बोलणं पानठेल्यावर जाईल," त्या म्हणाल्या. "तिथं मला कोण बसू देईल?"

त्यांनी ग्रुपवर नियम घातला. ज्याचं पटत नाही, त्याचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत लिहायचं. तो 'हो, हेच' म्हणाला, की त्याला एक प्रश्न विचारायचा. शिवी नाही, हसरे चेहरे नाहीत. माझं डोकंच फिरलं. घर पेटलंय आणि बाई हजेरी घेतायत!

सर्वांत मोठ्यानं ओरडणारा लोकेंद्र. बाईंनी त्याला लिहिलं, 'तुझं म्हणणं असं, की तो नंबर अजून राखीच वापरते, आणि रामकलीला भिऊन ती गेली. बरोबर?'

'हौ बाई, हेच.'

'नंबर तीच वापरते, हे कशावरून?'

'नाव दिसते ना बाई.'

'ते नाव तिथं कोणी लिहिलं?'

मग लोकेंद्रनं लिहिलं, 'मीच. माझ्या फोनात.'

माघात लग्न होऊन आलेली भूमेश्वरी मध्ये पडली, 'सोडून गेलेल्यांच्या यादीत मले तर नुसता नंबर दिसते. राखीचं नाव माझ्या फोनात हायच नाई.'

बाईंनी मनिरामभाऊंना विचारलं, राखीच्या नंबरावर नंतर रिचार्ज केलं होतं का. 'पोरगीच नाई, मंग कायले करू?' मग मला विचारलं, 'ओमेश, असा बंद पडलेला नंबर कंपनी काय करते?'

लाजेनं माझे कान तापले. चौकात माझं सिमकार्डांचंच दुकान आहे. मी लिहिलं, 'काही महिन्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला देते.' दहा वर्षं सिम विकणाऱ्या मला हे ठाऊक नव्हतं थोडंच? भीतीपुढं आठवलं नाही.

'मग फोन लावून पाहायचा का?' बाईंनी विचारलं.

महाराज कडाडले, "आत्म्याले फोन करनारा आठ दिवसांत मरते!" कोणी लावला नाही. लावला शांतीबाईनं, भर दुपारी, आपल्या अंगणात. बाई आणि मी शेजारी होतो. घंटी वाजली आणि तरुण बाईचा आवाज आला, "हॅलो?"

"राखी?" शांतीबाई म्हणाली.

पलीकडून आवाज आला, "नहीं अम्मा. मैं निशा. गोंदिया से. दो महीने पहले ये सिम लिया. आपको रोज सुनती थी, जवाब देने की हिम्मत नहीं हुई. आपके गाँव के ग्रुप में भी ये नंबर पड़ा था, वहाँ चुपचाप बैठना ठीक नहीं लगा, इसलिए ग्रुप छोड़ दिया."

शांतीबाईनं फोन खाली ठेवला. ती रडली नाही. आपण राखीला दुसऱ्यांदा जाळलं, असं मला वाटलं, आणि बाईंचाही राग आला.

संध्याकाळी मनिरामच्या फोनवरून शांतीबाईचा आवाज ग्रुपवर आला.

"महाराज, तुमचं म्हननं, सापाले टोनहीनं धाडलं. हेच ना? मंग मले एक सांगा. साप चावला तवा दहा वाजले होते. रामकली म्हने, दवाखान्यात न्या. मीच तिले हाकललं. पोरीले तुमच्याकडं आनलं. तुम्ही म्हनले, इख उतरलं, घरी न्या. दवाखान्यात पोचलो तवा दीड वाजला. डाक्टर म्हने, उशीर झाला. ते साडेतीन घंटे कोनं खाल्ले? रामकलीनं?"

रामकलीला घालवायचं बोलणं त्या रात्रीच थांबलं. ती आज गावातच आहे. पण त्या प्रश्नानं मला झोप लागू दिली नाही, कारण त्याचं अर्धं उत्तर माझ्याकडं होतं. सकाळी मी ते लिहिलं:

'शांतीबाई, गाडी माझी होती. राखीला मधे बसवून महाराजांकडं मीच नेलं. मंत्रानं विष उतरत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. फाट्यावर गाडी थांबवून "दवाखान्यात का नाही?" एवढंच विचारायचं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी विचारलं नाही.'

भूत कुठंच नव्हतं. नाव आम्ही लिहिलेलं होतं आणि नंबर दुसरीचा होता. साप चावला तर माणसाला थेट दवाखान्यात न्या, विषावरचं औषध तिथंच असतं. आणि वाटेत कोणी दुसरीकडं वळू लागलं, तर त्याला आदरानं, पण तिथल्या तिथं विचारा.