पाहुण्यांपुरती ऑपरेटर

खडोलीच्या सूत कारखान्यात कावेरी पॅनलसमोर उभी राहिली, की तुटायच्या बेतात असलेला धागासुद्धा तिला बघून गप बसायचा म्हणे. यातलं निम्मं खोटं धरा, पण बाईला मशीन येत होतं हे पुरेपूर खरं. मुंबईच्या एका संस्थेने कारखान्याशी हात मिळवून पॅकिंगच्या बायकांना स्क्रीनवरचं मशीन शिकवलं, तेव्हा नंदुरबारकडच्या कावेरीनेच पहिला नंबर काढला होता. पास होईल तिला ऑपरेटरची जागा, असं ठरलेलं.

जागा मिळाली, पण संस्थेचे पाहुणे येतील त्या दिवसापुरती. सुपरवायझर भावेशभाई सकाळी निळा कोट आणून द्यायचा. इस्त्री अशी कडक, की आधी कोट चालायचा आणि मागून कावेरी. पाहुण्यांच्या टाळ्यांनी पत्र्यावरची कबुतरं उडायची ती थेट दमणला उतरायची. गाड्या फाटकाबाहेर पडल्या, की कोट कपाटात, मशीनवर रोजचा ऑपरेटर चेतन आणि कावेरी खोक्यांना चिकटपट्टी मारत.

"भावेशभाई, माझी जागा कधी?"

"अरे बेन, विजिट में तो चलाती हो! और क्या, रानी बनना है?"

या खेपेला कावेरीने ठरवलं, पाहुण्यांसमोरच बोलायचं. संस्थेच्या शैलजा मॅडम माणसं घेऊन आल्या, तशी तिने मशीनच बंद केलं. धडधड थांबली, सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"मॅडम, तुमी येता तवाच मी ऑपरेटर. तुमी गेल्या का खोके बांधते. मला हे मशीन रोजचं पाहिजे."

भावेशभाईला असा घाम फुटला, की त्यात अख्ख्या पाळीचे कामगार पोहून निघाले असते. मॅडमचे मात्र डोळे भरून आले.

"ऐकलंत?" त्या पाहुण्यांना म्हणाल्या. "ही बाई मान वर करत नव्हती! हाच तो आत्मविश्वास!"

टाळ्या. फोटो. "परत एकदा म्हण ना गं, व्हिडिओ घेते."

आपण मागितलं काय आणि यांना ऐकू गेलं काय, कावेरीला कळेना. तिने मशीन परत सुरू केलं. पाहुणे जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी भावेशभाई पॅकिंगमध्ये आला. सोबत नुकतीच ट्रेनिंग पास झालेली प्राजक्ता.

"कावेरीबेन, तुमचं तोंड लय चालतं. आता विजिटला ही. उभं कसं राहायचं, तेवढं दाखवा." तो गेला.

"ताई, मला जागा मिळाली!" प्राजक्ता म्हणाली.

कावेरीने पट्टी खाली ठेवली. "सरळ उभी राय. हात बटणावर. आता हास, जागा खरंच मिळाल्यासारखी."

प्राजक्ता हसली. तिला काही शिकवावंच लागलं नाही.