कफाचा पांढरा

त्या फोटोग्राफरला सगळे सोनेरी काका म्हणत. त्यांच्या फोटोत नवरा-नवरी, म्हातारेकोतारे, झालंच तर भोकाड पसरलेली पोरंसुद्धा कशी सोनेरी दिसत. "नजर लागते त्याला," काका कॉलर ताठ करून सांगत.

कॅमेऱ्याला आधी रंग नसलेलं काहीतरी दाखवावं लागतं, मग तो त्यावरून बाकीचे रंग ओळखतो. त्यासाठी एक राखाडी कार्ड मिळतं. काकांचं कार्ड टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली होतं. ते आपले शर्टाचा शुभ्र कफ दाखवून मोकळे होत.

आज मात्र घोडं अडलं होतं. शेजारच्या रंगारणीने आठवडाभर उकळून, चार वेळा बिघडवून राखाडी लोकर रंगवली होती. काकांनी काढलेला तिचा फोटो बघून लोकर घेणाऱ्या दुकानदाराने कळवलं होतं, "ही बिस्किटाच्या रंगाची दिसते. दुपारपर्यंत राखाडी दाखवा, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो."

काकांनी पडदा सरकवला, लेन्स पुसली, स्क्रीनला शिव्या घातल्या. तीनदा फोटो काढला आणि तिन्ही वेळा बिस्कीटच आलं. शेवटी ते म्हणाले, "लोकरीतच पिवळेपणा असेल गं."

रंगारणीचा चेहरा पडला. "काका, रंग चुकला असता तर मी लोकर दाराबाहेर काढलीच नसती."

बोललो ते उगाच, असं काकांना वाटलं, पण शब्द तोंडातून गेला होता.

तेवढ्यात काकू वाळलेले कपडे घेऊन आल्या. "तिचा रंग कशाला चुकेल? तुमचा कफ निळा आहे."

"हा? पांढराफेक आहे."

"मी नीळ घालते म्हणून तसा दिसतो. वीस वर्षं घालतेय." त्यांनी कफाशेजारी कोरा कागद धरला. कफ चक्क निळसर होता. त्या निळ्यालाच पांढरं समजून कॅमेरा बिचारा सगळ्यांवर पिवळा ओतत बसला होता.

काकांनी टेबलाखालून कार्ड ओढलं. टेबल कलंडलं, ते रंगारणीने गुडघ्याने सावरलं. कार्ड दाखवून काढलेल्या फोटोत लोकर जशीच्या तशी राखाडी आली. दहा मिनिटांत उत्तर आलं, "हाच रंग." रंगारीण लोकर छातीशी धरून घरी पळाली.

काका मात्र भिंतीवरच्या सोनेरी जोडप्यांकडे बघत बसले. त्यांना फार ओशाळल्यासारखं झालं.

"म्हणजे वीस वर्षं लोक माझ्या नजरेचं नाही, तुझ्या बादलीचं कौतुक करत होते?"

काकू शर्टाची घडी घालत होत्या. "उद्या लग्नाचे फोटो आहेत ना? नीळ घालू की नको?"

काकांनी कार्ड उचललं, थोडा वेळ हातात फिरवलं आणि वाकून परत टेबलाच्या पायाखाली सारलं.

"घाल," ते म्हणाले. "नेहमीएवढीच घाल."