डिशमधल्या वड्या

मुलांनो, क्षणभर समजा की तुमचं नाव नोमून आहे आणि तुम्ही दहा वर्षांची मुलगी आहात. आठच दिवसांपूर्वी तुमच्या घरच्यांनी गेर, म्हणजे राहायचा गोल तंबू, उतरवून, लोकरीचे नमदे, काठ्या, भांडी, सगळं लादून उन्हाळी कुरणावर आणलं आहे. बाबांनी दाराबाहेर टीव्हीची डिश उभी केली, तिच्या पायावर दगड रचले आणि अर्धा दिवस ती बोट बोट सरकवून चित्र मिळवलं. या खोऱ्यात फोन लागत नाही. डिशवर मात्र आठ वाहिन्या फुकट दिसतात, आणि अशी डिश असलेलं घर तुमचं एकट्याचंच. समजलं? मग पुढे ऐका.

नादाम या उन्हाळी सणातल्या कुस्त्यांचा दिवस होता. सकाळीच आईनं नोमूनला चक्क्याच्या वड्या वाळत घालायला सांगितलं. वड्या घालायच्या गेरच्या छपरावर, फळ्या मांडून. आणि घारी येतात म्हणून काठी घेऊन उन्हात उभं राहायचं. नोमूनला आला कंटाळा. समोर डिश होती, तापलेली, गुळगुळीत. तिच्यात वड्या घातल्या तर दारात सावलीला बसून राखता येतील! पण वड्या घसरायला लागल्या. मग तिनं दोन दगड काढले आणि डिश मागे कलती केली. दुपारपर्यंत वड्या कडकडीत वाळल्या. त्या पिशवीत भरून तिनं डिश पुन्हा होती तशी केली. म्हणजे, तिच्या नजरेला वाटली तशी.

थोड्याच वेळात पलीकडच्या खोऱ्यातून चोइजील आजोबा घोड्यावरून आले. त्यांचा नातू मागसार राजधानीत पाचव्या फेरीत लढणार होता. ती फेरी जिंकली की पैलवानाची पदवी मिळते. आजोबांनी ठेवणीतला निळा अंगरखा घातला होता. घोड्याचे पाय बांधून त्यांनी त्याला चरायला सोडलं आणि आत येऊन मानाच्या जागी बसले.

बाबांनी टीव्ही लावला. पडदा काळा.

"काय दुगर, तुझा टीव्ही माझ्याआधीच म्हातारा झाला का?" आजोबा हसले.

"काल तर ठणठणीत होता हो, आजोबा!" बाबा म्हणाले.

सगळे बाहेर आले. आजोबांचा घोडा डिशच्या कडेवर मजेत मान घासत होता.

आजोबांचं हसू मावळलं. "अरे, हा माझाच दिवटा! नावाचा घोडा, अक्कल मेंढीची. दुगर, चुकलं माझं. लांब सोडायला हवा होता."

नोमूनच्या कानांच्या पाळ्या तापल्या. बोलायची वेळ हीच होती. तिनं ओठ दाबून धरले.

बाबा डिश सरकवू लागले. आतून आई ओरडत होती, "आलं! आलं! गेलं! अहो, आलं होतं की, कशाला हलवलंत?"

"नुसते चौकोन दिसतायत!" धाकटा भाऊ तेमुलेन ओरडला. "एका माणसाला तीन डोकी आलीत!"

डिशच्या तळाशी बाबांच्या बोटांना काहीतरी चिकट लागलं. त्यांनी ते हुंगलं. एकदा नोमूनकडे पाहिलं. मग पुन्हा डिश सरकवायला लागले.

चित्र आलं तेव्हा मैदानात दुसरी जोडी उभी होती. निवेदक जिंकलेल्यांची नावं वाचत होता. त्यात मागसारचं नाव होतं.

"जिंकला!" आजोबांनी मांडीवर थाप मारली. मग हळूच विचारलं, "जिंकल्यावर नाचतात तसा, गरुडासारखे हात पसरून नाचला असेल ना गं?"

"नाचला असणारच," आई म्हणाली. "थांबा ना, आजोबा. संध्याकाळी पुन्हा दाखवतील."

"घोड्या दोहायच्यात, पोरी. दर दोन तासांनी. त्या थोड्याच थांबतात?" दारात त्यांनी नोमूनच्या डोक्यावर हात ठेवला. "माझ्या घोड्यानं तुमचीही मजा घालवली हं. या म्हाताऱ्यावर रागवू नकोस."

त्यांनी नोमूनच्या ओंजळीत खडीसाखरेचे दोन खडे ठेवले. ते तिला निखाऱ्यासारखे लागले. बाहेर आजोबा घोड्यावर बसले आणि त्याच्या मानेवर चाबकाची मूठ आपटून म्हणाले, "चल, मूर्खा. नातवाचा नाच घालवलास माझ्या." घोड्यानं कान मागे पाडले आणि तो निमूट चालू लागला.

बाबा दगड रचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

नोमून धावत सुटली. ओढ्याच्या उतारावर तिनं घोड्याला गाठलं आणि लगाम दोन्ही हातांनी पकडला. साखरेचे खडे अजून मुठीतच होते.

"आजोबा, याला बोलू नका," ती धापा टाकत म्हणाली. "डिश यानं नाही हलवली. सकाळी मीच तिच्यात वड्या वाळत घातल्या होत्या."